बाहुली, साबणाचे फुगे की मोबाईल? कॅज्युअल्टीत लहान मुलांसाठी काय ठेवावं

गणपतीच्या आधी दरवर्षी एखाद्या मंडळाची पोरं आमच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात येतात. "सिस्टर, यंदा लहान मुलांसाठी पाच मोठे टेडी द्यायचं ठरवलंय. चालतील ना?" मनापासून विचारतात, म्हणून मीही मनापासून सांगते: पाच मोठे नकोत, पन्नास लहान द्या. हाच प्रश्न नवीन दवाखाना थाटणारे डॉक्टर विचारतात आणि अँब्युलन्सवर काम करणारी मंडळीही विचारतात. सगळ्यांना एकदाच सविस्तर सांगावं म्हणून हे लिहितेय.

सुरुवात कापडी बाहुलीपासून करते, कारण माझा कल तिच्याकडे आहे.

गेल्या पावसाळ्यात चार वर्षांची एक मुलगी आली होती. ओट्यावरून पडून कपाळाला खोक पडलेली. आईच्या गळ्याला अशी मिठी, की चेहरा दिसेना. मी एक पाऊल पुढे टाकलं की किंचाळायची. मी दोन हात लांब स्टुलावर बसले, हातभर नव्हे, वीतभर बाहुली मांडीवर घेतली आणि तिच्या कपाळावर गॉज ठेवला. म्हटलं, "हिला पण लागलंय गं. चिकटपट्टी लावायला माझा हात पुरत नाही." बराच वेळ काही नाही. मग एक हात बाहेर आला. तिने चार पट्ट्या लावल्या, त्यातली एक बाहुलीच्या डोळ्यावर. त्यानंतर स्वतःच्या कपाळावरचे केस मला बाजूला करू दिले. भुलीच्या इंजेक्शनला ती रडलीच, पण टाके घालताना चादरीत गुंडाळून चौघांनी दाबून धरायची वेळ आली नाही.

बाहुलीचं हे बळ दुसऱ्या कशात नाही. पुढे काय होणार ते आधी बाहुलीवर दाखवता येतं: औषधाची वाफ देणाऱ्या नेब्युलायझरचा मास्क, सलाईनची पट्टी, हाताला प्लास्टर. ज्याच्यावर सगळे उपचार करतायत, ते मूल घडीभर स्वतः उपचार करणारं होतं. जर्मनीत आणि युरोपात इतरत्रही वैद्यकीय विद्यार्थी याच कल्पनेवर 'टेडी बेअर हॉस्पिटल' भरवतात. मुलं घरून आपला टेडी 'पेशंट' म्हणून घेऊन येतात. ऑस्ट्रेलियात रेडक्रॉसचे स्वयंसेवक लोकरीचे छोटे टेडी विणून देतात आणि घाबरलेल्या मुलाच्या हाती दिलेला टेडी त्याच्याच घरी जातो.

तो घरी जातो, हे महत्त्वाचं. न्यूझीलंडमध्ये डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहांतली खेळणी तपासली होती. २००२ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. मऊ खेळण्यांपैकी ९० टक्क्यांवर मध्यम ते भरपूर जंतू सापडले. टणक खेळणी त्या मानाने बरीच स्वच्छ निघाली. मऊ खेळणी धुऊनही लवकरच पुन्हा खराब होत होती. आमच्याकडे तर जुलाब, गोवर, खरूज सगळं एकाच बाकावर बसतं. मोठा टेडी रोज कोण धुणार, आणि पावसाळ्यात तो वाळणार कधी? म्हणून माझा नियम एकच: एक मूल, एक बाहुली. रुग्णालयाची म्हणून मऊ बाहुली ठेवायचीच नाही.

विकत घेणार असाल तर आयएसआय खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ती सक्तीची आहे. शिवून घेणार असाल तर डोळे बटणांचे नकोत, दोऱ्याने काढलेले हवेत. मणी, टिकल्या, लांब नाडी, काही नको. तीन वर्षांखालचं मूल पहिलं काम करतं ते म्हणजे डोळा उपटून तोंडात घालणं. प्रत्येक बाहुली वेगळ्या पिशवीत बंद ठेवा.

आता साबणाचे फुगे आणि भिरभिरं. बाहुली सुईच्या आधी कामाची, तर हे ऐन सुईच्या वेळी. फुगा काढायचा तर श्वास हळूहळू आणि लांब सोडावा लागतो, आणि श्वास लांबला की आवळलेलं अंग सैल पडतं. दोन वर्षांचं मूल फुंकत नाही, पण फुग्यांकडे बघत राहतं. चार-पाच वर्षांचं स्वतः फुंकतं. जत्रेतलं कागदी भिरभिरंही तेच काम करतं, शिवाय सांडत नाही. खर्च तर विचारूच नका, इतका कमी. पण पथ्यं आहेत. उघड्या जखमेवर फुगे उडवायचे नाहीत. फरशी निसरडी होते, मावशींना आधी सांगून ठेवा. बाटली एकाच मुलाची, कारण फुंकायच्या कडीला तोंड लागतं. आणि ज्याला दम लागलाय त्याला कधीही फुंकायला सांगू नका.

मोबाईलबद्दल माझं मत पूर्वी कडक होतं, आता तसं राहिलेलं नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला आठ टाके घालायचे असतील तर कार्टूनइतकं लांब लक्ष दुसरं काही धरून ठेवत नाही. आई-बापाच्या खिशात तो असतोच, वेगळा खर्च नाही. मात्र तो ऐनवेळी दगा देतो. नेट जातं, मधेच आजीचा फोन येतो, आणि चित्र थांबलं की मूल जे उसळतं ते आधीपेक्षा दुप्पट. शिवाय मुलाला समजावण्याऐवजी त्याच्या डोळ्यांपुढे पडदा धरून सुई टोचली, तर पुढच्या वेळी ते पडद्यावरही विश्वास ठेवत नाही. आधी काय होणार ते सांगा, मग गोष्ट लावा. यासाठी मंडळाच्या पैशातून टॅब घ्यायला मात्र माझा विरोध आहे. तेवढ्यात कितीतरी बाहुल्या येतील, आणि टॅब शेवटी कपाटातच राहतो.

या सगळ्यांवर मात करणारी वस्तू मात्र विकत मिळत नाही. घरची गोधडी, आईची ओढणी, कान तुटलेला जुना ससा. त्याला घरचा वास असतो. घाईत आलेल्या आई-बापांना ते सुचत नाही, म्हणून फोनवर बोलणं झालंच तर मी सांगते, "त्याचं झोपायचं पांघरूण घेऊन या." आणि मांडी. लसीकरणाच्या वेदना कमी करण्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये शिफारशी केल्या, त्यांतही आई-वडिलांनी सोबत असावं, मुलाला धरून बसावं, अंगावर पिणाऱ्या बाळाला पाजत असताना सुई द्यावी, असं सांगितलंय. सहा वर्षांखालच्या मुलांचं खेळण्याने किंवा गोष्टीने लक्ष वळवावं, हेही त्यात आहे. आमच्या लोकांना अजून "आई, तुम्ही बाहेर थांबा" म्हणायची सवय आहे. ती जाईल तेव्हा अर्धी खेळणी लागणारच नाहीत.

रबरी हातमोजा फुगवून त्याचा कोंबडा करून देणं टाळा. फुटला की रबराचा तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो, काहींना रबराची ॲलर्जीही असते. चॉकलेट तर नकोच. पुढे पूर्ण भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं.

अँब्युलन्ससाठी हिशेब थोडा बदलतो. तिथे गाडी हलते, जागा नाही, हात मोकळे नाहीत. साबणाचं पाणी सांडतं, म्हणून फुगे बाद. सावंतवाडीची लाकडी खेळणी मला जीव की प्राण, पण ब्रेक लागला की टणक वस्तू कोणाच्या डोक्यात बसेल सांगता येत नाही. तिथे वीतभर कापडी बाहुलीच, स्ट्रेचरचे पट्टे बांधून झाल्यावर मुलाच्या हातात. ऑक्सिजनचा मास्क आधी बाहुलीच्या तोंडाशी, मग मुलाच्या. मूल बेशुद्ध असेल किंवा रक्त वाहत असेल तेव्हा बाहुली पिशवीतच राहू द्या. आणि कुठलंही खेळणं वेदनाशामक औषधाच्या जागी वापरू नका. हात मोडलेलं मूल गप्प बसलंय म्हणजे त्याला दुखत नाही असा अर्थ काढलेला मी पाहिलाय, आणि ते अजून सलतं.

तेव्हा थोडक्या पैशात करायचं असेल तर पन्नास कापडी बाहुल्या बचत गटाकडून शिवून घ्या, एक डझन भिरभिरी आणा, आणि साबणाच्या छोट्या बाटल्यांचा एक खोका. ठेवताना स्टोअरच्या कुलपात ठेवू नका. रात्री दोन वाजता किल्ली सापडत नाही. ड्रेसिंगच्या ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात, कापसाच्या शेजारी ठेवा.