ट्रायकोडर्मा पावडर: स्ट्रॉबेरीच्या कुंड्यांत दोन हंगाम वापरल्यावर

गेल्या हंगामात बारापैकी पाच कुंड्यांतल्या स्ट्रॉबेरींनी माना टाकल्या. माती ओली, तरी दुपारी पानं लोळायची. तहान लागली असेल म्हणून मी आणखी पाणी घालत गेले आणि तिथेच घात झाला. शेवटी एक रोप उपटलं. मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल मोज्यासारखी सुटून हातात आली, मागे नुसता दोरा. गड्डा, म्हणजे पानं आणि मुळं यांच्यामधला जाड बुंधा, उभा चिरला, तर पांढरा दिसायला हवा तो आत विटकरी-तपकिरी. खूप वाईट वाटलं.

त्या पाचांतल्या बाकीच्या चार रोपांना ट्रायकोडर्माची आळवणी केली, म्हणजे पावडर पाण्यात कालवून मुळाशी ओतली. एकही वाचलं नाही. ही पावडर म्हणजे जिवंत बुरशी. ती मुळांभोवती आधी ठाण मांडते, रोगाच्या बुरशीची जागा आणि अन्न बळकावते, तिच्या धाग्यांना वेटोळे घालून त्यांना खाते. पण कुजलेलं मूळ पुन्हा जोडणं तिच्या हातात नाही. म्हणून पाकिटावरचं 'मर रोगावर खात्रीचा इलाज' मला पटत नाही. ही राखण आहे, इलाज नव्हे.

यंदा आधीपासून तयारी केली. जुनी माती काढून टाकली, कुंड्या घासून उन्हात तापवल्या. चांगल्या कुजलेल्या शेणखतात पावडर कालवली, ओलं गोणपाट टाकून सावलीत ठेवली. आठवड्याभरात खतावर पांढरी जाळी धरली, मग तिच्यावर हिरवी झाक आली. ती हिरवी झाक दिसली की पावडर जिवंत आहे समजायचं. पहिल्या पाकिटाची मुदत संपत आली होती, त्यात असं काहीच उगवलं नव्हतं. तारीख बघूनच घ्या.

बारापैकी अकरा रोपं धरली आहेत. सगळं श्रेय पावडरीला देणार नाही. गड्डे मातीच्या वर ठेवले, तळाची भोकंही मोठी केली. मुळं कुजवणाऱ्या फायटोफ्थोराचे बीजाणू पाण्यातून पोहत मुळांपर्यंत जातात, पाणी साचलं की पावडरीचा काय निभाव लागणार! जे एक रोप गेलं, त्याच्या कुंडीचं भोक मुळांनी बुजलेलं होतं.

सोबत तांब्याचं किंवा कार्बेन्डाझिमचं बुरशीनाशक देऊ नका, ट्रायकोडर्माच मरू शकेल. वांगी-टोमॅटोची जुनी माती तर नकोच, व्हर्टिसिलियम ही मर रोगाची बुरशी त्या मातीत वर्षानुवर्षं टिकून राहते.

पावडर पुन्हा घेणार आहे, रास्पबेरीची नवी कुंडी भरायच्या आधी.