सांता पॉडला नायट्रो बाइक बघितली: सहा सेकंदांसाठी अख्खा दिवस, तरी पैसे वसूल

आधीच सांगतो, मी काही रेसिंगवाला माणूस नाही. इंग्लंडात मिल्टन कीन्समध्ये नोकरी करतो, होंडाची सीबी ५०० बाइक चालवतो तीही ऊन असलं तर, आणि सांता पॉड, म्हणजे सरळ पट्टीवर गाड्या-बाइक जोडीने पळवतात ती ड्रॅग रेसिंगची जागा, घरापासून पाऊण तासाच्या आत असूनही सहा वर्षांत एकदा तिकडे फिरकलो नव्हतो. मागच्या सप्टेंबरात कोल्हापूरहून आतेभाऊ आला, त्याची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे, बर्मिंगहॅमला कसलं तरी मशिनरीचं प्रदर्शन बघायला आलेला. त्याला म्हटलं लंडन आय दाखवतो, बकिंगहॅम पॅलेस दाखवतो, तर गडी एकाच गोष्टीवर अडून बसला, "दादा, ते नायट्रोवर गाड्या पळीवत्यात न्हवं, ते दाव." म्हणून तिथल्या युरोपियन फायनल्स या स्पर्धेची तिकिटं काढली आणि तो, मी, बायको आणि अकरा वर्षांचा मुलगा असे चौघं शनिवारी सकाळी निघालो.

जागा म्हणाल तर पॉडिंग्टन नावाच्या गावाबाहेरचा जुना लष्करी विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धात इथून अमेरिकन बी-१७ बॉम्बर उडायचे, मग १९६६ च्या ईस्टरला त्याच धावपट्टीवर ड्रॅग रेसिंग सुरू झालं, युरोपातली पहिली कायमची ड्रॅग स्ट्रिप हीच. आजूबाजूला शेतं, मेंढ्या, आणि मधेच हे. गाडी नसेल तर लंडनहून वेलिंगबरोपर्यंत ट्रेन आणि पुढे टॅक्सी, पण गाडी असेल तर बरं कारण सामान भरपूर लागतं, ते पुढे सांगतो.

तर नायट्रो. भावाच्या डोक्यात ती निळी बाटली होती, सिनेमात बटण दाबलं की गाडी सुटते ती. ते नायट्रस ऑक्साइड, गॅस, पेट्रोलच्या इंजिनाला वरून दिलेला डोस. इथलं नायट्रो म्हणजे नायट्रोमिथेन, इंधनच वेगळं. गंमत अशी की किलोमागे यात ऊर्जा पेट्रोलच्या जेमतेम पाव. मग एवढा धिंगाणा कसा काय, तर एक किलो पेट्रोल जाळायला पावणेपंधरा किलो हवा लागते आणि नायट्रोला पावणेदोन किलोसुद्धा पुष्कळ होते, कारण बराचसा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच बसलेला असतो. म्हणजे तेवढ्याच सिलिंडरात तेवढीच हवा घेऊन आठपट इंधन कोंबता येतं, आणि सगळा हिशेब केला की प्रत्येक धक्क्याला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त ताकद. हे सगळं मी गाडी चालवता चालवता त्याला समजावलं, त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे जेवायला आलेला पाव्हणा सोताचा डबा घिऊन आलाय."

आता खरं रिव्ह्यू इथून. बहुतेक लोक सकाळी येऊन स्टँडमध्ये जागा धरून बसतात, ते करू नका. पिटमध्ये जा, म्हणजे टीम जिथे गाड्या तयार करतात तिथे. तिकिटातच पिटमध्ये फिरता येतं, टीमचे लोक तुमच्या पुढ्यातच इंजिन उघडून बसलेले असतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की रन, म्हणजे पट्टीवरची प्रत्यक्ष धाव, चुकला तरी चालेल पण टॉप फ्युएल बाइकचा, म्हणजे नायट्रोवर पळणाऱ्या बाइकचा, वॉर्म-अप चुकवू नका.

आम्ही पोचलो तेव्हा एक बाइक स्टँडवर चढवलेली होती, मागचं चाक हवेत. फोटोत लक्षात येत नाही किती लांब असते ते. मागे दीड वीत रुंदीचा गुळगुळीत टायर, त्याच्या मागे छोट्या चाकांची लांबच लांब दांडी, म्हणजे बाइक मागे उलटू नये म्हणून लावलेला व्हीली बार, मधे साधारण दीड हजार सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि त्याला जोडलेला सुपरचार्जर. ताकद हजार हॉर्सपॉवरच्या वर. माझ्या सीबीची पन्नासच्या आत आहे. इंजिनाची मांडणी जुन्या सुझुकी-कावासाकीसारखीच, पण आतला तुकडा न् तुकडा रेससाठी वेगळा घडवलेला. टीमच्या लोकांनी गॅस मास्क चढवले तेव्हाच मी समजायला हवं होतं. एकाने पिचकारीच्या बाटलीने थोडं इंधन वरून मारलं, दुसऱ्याने बाहेरून स्टार्टर लावला आणि इंजिन लागलं, आवाज ठीक, मोठ्या बाइकसारखाच, मुलगा माझ्याकडे बघून हसला की एवढंच? मग नायट्रो सुरू केलं. आवाज वाढला असं नाही म्हणता येणार, तो तडकला. एकेक ठोका सुटा सुटा छातीवर. विसर्जनाला लक्ष्मी रोडवर ढोलपथकाच्या अगदी पुढ्यात उभं राहिलोय मी, तेव्हा बरगड्या हलतात तसंच, फक्त इथे पन्नास ढोलांऐवजी एकच मशीन. आणि दोन सेकंदांनी धूर आला. तव्यावर सुकी मिरची करपली की अख्ख्या घराला कसा ठसका लागतो, तसं नाकातोंडातून डोळ्यांतून पाणी, कारण त्या धुरात नायट्रिक ॲसिडची वाफ असते. बायको कधीच पळाली होती, मुलगा डोळे पुसत पुसत हसत होता, आणि आमचा फाउंड्रीवाला जागचा हलला नाही. म्हणे भट्टीवर रोजचंच आहे.

त्याचा दिवस मात्र खरा सार्थकी लागला तो दुपारी, पहिल्या क्वालिफाइंगनंतर, म्हणजे पात्रता फेरीनंतर. बाइक परत आली की वीसेक मिनिटांत इंजिन उघडं, क्लचच्या प्लेटा जळून निळ्या पडलेल्या, तेलात इंधन उतरून त्याचं दुधाळ काहीतरी झालेलं, ते सगळं बदलायचं, आणि हे दर रननंतर. एका क्रेटमध्ये जुने पिस्टन विकायला ठेवलेले होते, आठवण म्हणून. भावाने एक उचलला, अंगठ्याने कड चाचपली, एका बाजूला ॲल्युमिनियम मेणासारखं ओघळलेलं होतं. मेकॅनिकला म्हणाला, "दिस साइड लीन?" म्हणजे या बाजूला हवेच्या मानाने इंधन कमी पडलं का. तो टकलू मेकॅनिक हातातलं काम टाकून आला आणि पुढची पंधरा मिनिटं हे दोघं त्या पिस्टनवर बोलत होते, एक कोल्हापुरी इंग्लिशमध्ये आणि एक उत्तरेकडच्या कुठल्यातरी इंग्लिशमध्ये, आणि मधे उभा राहून दोघांचं निम्मं मलाच कळत नव्हतं.

त्यातलं एक मात्र नीट कळलं आणि ते डोक्यातून जात नाही. यात इंधन एवढं ओतलेलं असतं की एखाद्या सिलिंडरात ठिणगी पडली नाही, तर तो सिलिंडर न जळलेल्या नायट्रोने भरत जातो. द्रव पदार्थ दाबला जात नाही. पिस्टन वर येतो, जागा नसते, मग काहीतरी फुटतंच. आणि साचलेलं ते अवेळी पेटलं तर इंजिनाचा वरचा भाग उडतो. म्हणून सुपरचार्जर पट्ट्यांनी जखडून ठेवतात. आता गाडीचा विचार करा. १९७० मध्ये अमेरिकेत डॉन गार्लिट्स या रेसरच्या ड्रॅगस्टरचा, म्हणजे ड्रॅग रेसिंगच्या लांबलचक गाडीचा, गिअरबॉक्स त्याच्या पायाशी फुटला, उजव्या पायाचा पुढचा भाग गेला, त्यानंतर त्याने इंजिन ड्रायव्हरच्या मागे टाकलेली गाडी बनवली, १९७१ मध्ये ती जिंकायला लागली आणि हळूहळू सगळ्यांनी तेच केलं. बाइकवाल्याने इंजिन कुठे टाकायचं? तो त्या इंजिनावर पालथा झोपलेला असतो. छाती आणि ते यांच्यात असलंच तर थोडं फायबर आणि अंगातलं लेदर. पिंजरा नाही, पट्टा नाही. पट्टा नाही तेच बरं म्हणा.

संध्याकाळी चारच्या सुमारास पुढचा रन झाला. आधी पाण्यात चाक फिरवून बर्नआउट, पांढरा धूर, मग टीमची माणसं बाइकला हाताने मागे ढकलत रेषेवर आणतात, रिव्हर्स नाही ना. ट्रॅकवर गोंदासारखं चिकट काहीतरी मारलेलं असतं. मग झाडावरचे, म्हणजे रेषेवरच्या सिग्नलच्या खांबावरचे, तिन्ही पिवळे दिवे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदाने हिरवा. मी हिरवा बघितलाच नाही. पुढचं चाक उचललेलं दिसलं, दांडीची चाकं जमिनीला टेकलेली दिसली, रायडरचे पाय मागे लोंबत होते, आणि माझी मान वळेपर्यंत तो अर्ध्यात पोचला होता. पहिले साठ फूट साधारण एका सेकंदात जातात. मग बाइक डावीकडच्या भिंतीकडे सरकायला लागली आणि तो माणूस अख्खं अंग उजवीकडे टाकून तिला ओढत होता, हँडल वळवून या वेगात काही होत नाही, वजनानेच वळवायची, आणि थ्रॉटल सोडला नाही. सहा सेकंद आणि वर काहीतरी. स्टँडमधला आवाज नंतर आला.

अंतर ४०२ मीटर, पाव मैल. मुंबईकरांसाठी सांगायचं तर पंधरा डब्यांची लोकल सव्वातीनशे मीटरच्या आसपास भरते, तिच्या शेवटच्या डब्यापासून मोटरमनच्या केबिनपर्यंत आणि वर आणखी थोडं, सहा सेकंदांत. साधी शोरूममधली हायाबुसा एवढ्याला दहाच्या आसपास घेते, आणि भावाने लोणावळ्याकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर त्या पळताना बघितल्यात, तेव्हा तो आठवडाभर तेच बोलत होता. इथे तो गप्प बसला होता, मग म्हणाला, "आमची आरएक्स हंड्रेड हितं आणली तर ती लाजून मरंल."

या खेळातलं मोठं नाव अमेरिकेचा लॅरी मॅकब्राइड, टोपणनाव स्पायडरमॅन. १९९९ मध्ये ५.९९३, मोटरसायकलवर सहा सेकंदांच्या आत जाणारा पहिला माणूस. वीस वर्षांनी, २०१९ मध्ये, त्यानेच ५.५० केला, ताशी २६४ मैल म्हणजे सव्वाचारशे किलोमीटर. युरोपात इंग्लंडचा इयन किंग अनेक वर्षं चॅम्पियन होता, नंतर ग्रीसचा फिलिपोस पापाफिलिप्पू. आणि एक नाव पिटमधली म्हातारी माणसं जरा हळू आवाजात घेतात, एल्मर ट्रेट. त्या सहाच्या आत जायच्या चढाओढीतला सगळ्यात पुढचा माणूस, १९९६ च्या सप्टेंबरात इंडियानापोलिसला यूएस नॅशनल्समध्ये बाइकवरून फेकला गेला आणि संपला. रेकॉर्ड त्यानंतर तीन वर्षांनी झालं. बायकोने हे ऐकून विचारलं, मग त्यांनी बंद नाही केलं? मी काय उत्तर देणार, मी तिकीट काढून बसलेला माणूस. दुसरी जोडी लागली तेव्हा तिनेच मुलाच्या हातातला फोन ओढून घेतला आणि शूट करायला लागली.

थोडं कामाचं. कान. हे हसण्यावारी नेऊ नका. मी मुलासाठी ऑनलाइन कुठल्यातरी दुकानातून स्वस्तातले इअरमफ मागवले होते, फोटोत मजबूत, रिव्ह्यू चांगले, आणि पहिल्या वॉर्म-अपच्या आधीच त्याची वरची पट्टी कडकन मोडली. शेजारच्या एका आजोबांनी खिशातून फोमचे प्लग काढून दिले आणि स्वतःचे जास्तीचे मफही दिले, म्हणाले दोन्ही घाल, एकाने भागत नाही. बरोबर सांगत होते. रात्री घरी आल्यावर माझ्या कानात शिट्टी वाजत होती कारण मी शहाण्यासारखे फक्त प्लग घातले होते.

पाऊस आला की सगळं थांबतं. त्या गुळगुळीत टायरला ओला ट्रॅक म्हणजे साबण, त्यामुळे ट्रॅक वाळेपर्यंत बसून राहायचं. आमचा दीड तास तसा गेला. तेल सांडलं तरी तेच, आणि बाइकच्या आधी जर एखाद्या गाडीने तेल टाकलं तर ते लोक गुडघ्यावर बसून ट्रॅक पुसतात, घाई कोणी करत नाही, का ते आता तुम्हाला सांगायला नको. फोल्डिंग खुर्च्या न्या, रेनकोट न्या, खायला घरचं न्या. आम्ही पोळी-बटाट्याच्या भाजीचे रोल आणि चिवडा नेला होता, चिवडा त्या आजोबांना दिला, त्यांनी डबा रिकामा करूनच परत केला.

आणि ज्यांच्या हाताला हे बघून खाज सुटेल त्यांच्यासाठी, इतर दिवशी इथे रन व्हॉट या ब्रंग असतं, म्हणजे तुमची स्वतःची गाडी आणा, पैसे भरा आणि त्याच पट्टीवर पळवा. नियम आणि अंगात काय घालायचं ते साइटवर वाचून जा. मी ऑक्टोबरात सीबी घेऊन गेलो होतो. चौदा सेकंदांच्या वर. शेजारच्या लेनमध्ये एक बाई जुनी फिएस्टा घेऊन होत्या, त्यांना कसंबसं हरवलं, मुलाने ते घरी कोणाला सांगायचं नाही असं ठरवलंय.

किंमत जास्त आहे का, तर आहे, चौघांचं मिळून एका दिवसाला चांगलंच लागतं. फक्त रन मोजलेत तर सेकंदाचा भाव काढून रडायला येईल. पण पिट धरला तर मला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या माझ्या कानातल्या शिट्टीचा कापलाय. मे महिन्यातल्या मेन इव्हेंटचं बुकिंग केलंय.

भावाने तो ओघळलेला पिस्टन विकत घेतला, तीन टीशर्टांत गुंडाळून बॅगेत टाकला. हीथ्रोला बॅग उघडायला लावली, त्या सिक्युरिटीवाल्या बाईने तो हातात घेऊन उलटसुलट बघितला, नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला. हा पठ्ठ्या तिला तिथेच सांगायला लागला, कुठल्या बाजूने लीन पळाला होता ते.