तडकलेला बेंड पाइप: पुट्टी, वेल्डिंग की नवा पाइप?

मोटारसायकलची रेस सोडली की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो, आणि बेंड पाइपावर, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत जाणाऱ्या वाकड्या पाइपावर, एका जागी काजळीची काळी रेघ उमटलेली असते. तडा बहुतेक वेळा त्या रेघेपाशीच सापडतो. तो शोधताना इंजिन चालू ठेवणार असाल तर गाडी उघड्यावर आणा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

काय करायचं ते ठरवण्याआधी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तड्याभोवतीचा पत्रा दाबून पाहा. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. गाडी रोज थोडंच अंतर चालली तर ते पाणी पाइपातच साचतं आणि पत्रा आतून खात जातं. वरचं क्रोम मात्र चकाकत राहतं. टोक आत शिरलं किंवा पापुद्रे सुटले, तर वेल्डिंगचा विचार सोडा. कुजलेल्या पत्र्यावर वेल्डिंगचा टाका बसत नाही, शेजारी नवीन भोक पडतं. तिथे पाइप बदलणंच स्वस्त पडतं.

पत्रा निरोगी असेल तर पुट्टी की वेल्डिंग, हा प्रश्न येतो. साधं इपॉक्सी हेडजवळच्या, म्हणजे पाइप इंजिनाला जोडतो तिथल्या, उष्णतेत टिकत नाही. सायलेन्सरसाठी मिळणारी पुट्टी किंवा पट्टी उष्णता सोसते, पण ती कडक होते आणि इंजिनाची थरथर तिला झेपत नाही. मागे, सायलेन्सरच्या अंगावर सुईएवढं भोक असेल तर ती बरेच दिवस साथ देते. हेडजवळच्या वळणावर तिचा उपयोग घरी पोहोचण्यापुरताच. शिवाय गुंडाळलेल्या पट्टीखाली ओल धरते आणि गंज वाढतो.

वेल्डिंगमध्ये कुठलं, हे पाइपाच्या धातूवर ठरतं. साध्या पोलादाच्या पाइपाला गॅस वेल्डिंग किंवा मिग (तारेचं वेल्डिंग) छान चालतं. रॉडच्या आर्क वेल्डिंगला मात्र मी शक्यतो नाही म्हणेन. पत्रा जेमतेम दीड मिलिमीटरचा, हात जरा थांबला की आरपार भोक! पितळेचं ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून सांधणं, मागच्या भागात ठीक आहे, हेडजवळ नाही. तिथे पाइप तापून लाल होऊ शकतो आणि तेवढ्या उष्णतेत पितळ कमजोर पडतं. एकदा पितळ लावलं की नंतर त्याच जागी आर्गनचा (आर्गन वायूच्या आवरणात केलेल्या टिग वेल्डिंगचा) टाका नीट बसत नाही, हेही लक्षात ठेवा.

स्टेनलेस असेल तर आर्गन वेल्डिंगच करा. चुंबक चिकटला म्हणून पाइप साध्या पोलादाचा, असं समजू नका. ४०९ जातीच्या स्टेनलेसला चुंबक चिकटतो आणि सायलेन्सरसाठी ते सर्रास वापरतात. वेल्डरला दोन गोष्टी विचारा: तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडणार का, आणि पाइपाच्या आतही आर्गन सोडणार का? भोक न पाडल्यास तडा टाक्याच्या पलीकडे पुढे सरकू शकतो. आत आर्गन नसेल तर टाक्याची आतली बाजू जळून खडबडीत होते आणि पुन्हा तिथेच तडकते. दोन्हींना ‘गरज नाही’ असं उत्तर आलं, तर मी पाइप उचलून दुसरीकडे जाईन.

पाइप गाडीवरून उतरवूनच वेल्डिंग करा आणि ऑक्सिजन सेन्सर आधी काढून ठेवा. क्रोम असेल तर टाक्याच्या जागेपुरतं घासून काढायला सांगा, त्याचा धूर विषारी असतो.

टाका कितीही सुबक असला तरी तडा कशामुळे गेला ते शोधलं नाही तर तो परत जाणार. बऱ्याचदा मागचा बोल्ट पडलेला असतो किंवा रबर बुश झिजलेला असतो, आणि सायलेन्सरचं सगळं वजन बेंडवर लटकतं. बसवताना हेडला नवीन पॅकिंग घाला, सगळे बोल्ट आधी सैल लावा, मग हेडकडचे नट आवळा आणि मागचा बोल्ट शेवटी. तो बोल्ट घालण्यासाठी पाइप ओढून धरावा लागत असेल तर पाइप वेल्डिंगमध्ये वाकडा झाला आहे. तो तसाच आवळू नका, सरळ करायला परत न्या.