‘बाबा सकाळी किती वाजता उठतात?’ : दादरच्या प्रदर्शनात झालेली माझी फसवणूक

बाबांच्या पंचाहत्तरीला काय द्यायचं यावर आम्हा भावंडांचा महिनाभर खल चालला होता. सदरे कपाटात घडीसुद्धा न मोडता पडलेत, घड्याळ ते बदलणार नाहीत, सोनं नको म्हणतात. दिवाळीआधी दादर पश्चिमेला एका हॉलमध्ये तीन दिवसांचं प्रदर्शन लागलं होतं. मी गेले होते आकाशकंदील घ्यायला आणि थांबले परफ्यूमच्या स्टॉलपाशी.

स्टॉलवर एक तरुण मुलगा होता. स्वच्छ मराठी, अदबशीर बोलणं. त्याने एकही बाटली पुढे केली नाही. ‘कुणासाठी हवंय, ताई? वडिलांसाठी? मग आधी वडिलांबद्दल सांगा. बाबा सकाळी किती वाजता उठतात?’ साडेचारला. चहा कसा घेतात? कोरा, बिनसाखरेचा. कपडे? पांढरा सदरा-लेंगा, इस्त्री स्वतः करतात. बोलतात जास्त की ऐकतात? ऐकतात. आणि पाचवा प्रश्न : ‘लहानपणी बाबा घरी आले की कसला वास यायचा?’

या प्रश्नाला माझा गळा दाटून आला. बाबा गिरगावात छापखान्यात कंपॉझिटर होते. आयुष्यभर खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवले. खिळे रॉकेलने धुवायचे, त्यामुळे हातांना रॉकेलचा आणि शाईचा वास. तो घरात नको म्हणून खिशात यूडीकोलनची छोटी बाटली असायची. जिना चढण्याआधी रुमालावर दोन थेंब टाकून हात पुसायचे. आम्हाला ताप चढला की त्याच बाटलीतलं थोडं पाण्यात घालून कपाळावर घड्या ठेवायचे. हे सगळं मी त्या मुलाला, पूर्ण अनोळखी माणसाला, सांगितलं.

तो म्हणाला, ‘मग बाबांचा स्वभावच लिंबूवर्गी सुगंधाचा आहे. मितभाषी, नेटका, पहाटेचा माणूस. ऊद किंवा कस्तुरी त्यांना जड होईल. त्यांना बर्गमॉट या लिंबूवर्गी फळाचा वास शोभेल.’ मला वाटलं, याने बाबांना न बघता ओळखलं. ओळखलं कसलं, माझंच बोलणं त्याने मला परत दिलं होतं, फक्त छान बांधून.

पुढे त्याने जी माहिती दिली ती मात्र खरी होती, आणि मी फसले ती त्यामुळेच. फरिना या इटालियन कुटुंबाचा व्यवसाय जर्मनीतल्या कोलोन शहरात 1709 मध्ये सुरू झाला, त्यातल्या योहान मारिया फरिनाच्या सुगंधी पाण्याला त्या शहराचं नाव मिळालं, तेच यूडीकोलन, बर्गमॉट हे फळ प्रामुख्याने इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियात पिकतं. घरी येऊन पडताळलं, सगळं बरोबर निघालं. इतकं जाणणारा मुलगा खोटा माल विकेल असं कसं वाटणार?

टेस्टरमधून त्याने कागदाच्या पट्टीवर फवारा मारला. ताजं साल सोलल्यासारखा वास. खोक्यावर एका नावाजलेल्या परदेशी कंपनीचं नाव आणि 5,200 रुपये किंमत. ‘इम्पोर्टरकडचा उरलेला स्टॉक आहे, ताई. 1,800ला एक, 3,000ला दोन.’ मी दोन घेतल्या, एक बाबांना आणि एक भावाला. क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा स्क्रीनवर स्टॉलचं नाव न येता कुठल्यातरी व्यक्तीचं नाव आलं. ते मी वाचलं आणि तरीही पैसे पाठवले. बिल व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाला. ते कधी आलंच नाही.

बाबांना बाटली फार आवडली, निदान ते तसं म्हणाले. रोज सकाळी चौपाटीवर फिरायला जाताना लावू लागले. चौथ्या दिवशी मी गिरगावात गेले तर त्यांची मान कॉलरच्या कडेने लालभडक झालेली, आणि दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्याच्या कॉलरला पिवळट डाग. डॉक्टरांनी लगेच ते लावणं बंद करायला सांगितलं आणि मलम दिलं.

रात्री मी खोकं घेऊन बसले. बाबा जवळ आले, चष्म्यावर भिंग धरलं आणि नखाने एक अक्षर दाखवलं. ‘हा आर बघ. बाकीच्या अक्षरांचं वळण वेगळं, याचं वेगळं. आणि इथे दोन अक्षरांत जागा जास्त सुटलीय. मोठी कंपनी असलं छापून देत नाही.’ मी विचारलं, कधी दिसलं हे तुम्हाला? म्हणाले, ‘पहिल्याच दिवशी. तू एवढ्या हौसेने आणलंस, काय बोलायचं.’ मान खाजत असतानाही त्यांनी ते चार दिवस लावलं होतं.

त्या मुलाला फोन केला, वास पंधरा मिनिटांत उडतो म्हणून सांगितलं. ‘ताई, सिट्रस असंच असतं, लगेच उडतं. ओरिजिनलही उडतं.’ मानेचं सांगितल्यावर फोन कट. दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद.

त्याचं हे उत्तर नीट समजून घ्या, कारण लिंबूवर्गी सुगंधात फसवणं सोपं जातं ते याचमुळे. लिंबू, संत्रं, बर्गमॉट यांच्या सालीच्या तेलात मोठा वाटा लिमोनीन नावाच्या द्रव्याचा असतो आणि ते भराभर उडून जातं. म्हणजे पहिली दहा मिनिटं छान वास येणं ही काही खात्री नव्हे. संत्र्याचं तेल रसाच्या कारखान्यात सालीपासून निघतं, स्वस्त असतं, स्पिरिटमध्ये घातलं की तेवढा वास कुणीही आणू शकतो. खरी कारागिरी त्याच्याखाली असते : लव्हेंडर, रोझमेरी, नेरोली (कडू संत्र्याच्या फुलांचं तेल), लाकडाचे वास. 1966 साली परफ्यूम बनवणारे एडमंड रूदनित्स्का यांनी डिओर कंपनीच्या ‘ओ सोवाज’ या परफ्यूममध्ये लिंबाखाली हेडिओन हे जाईसारखं दरवळणारं रसायन वापरलं, ते त्या ताजेपणाला आधार देतं. आमच्या बाटलीत लिंबू उडाल्यावर खाली नुसतं स्पिरिट होतं. शिवाय कोलोनमध्ये सुगंधी अर्क साधारण 2 ते 5 टक्के असतो, ओ द पार्फम या जास्त तीव्र प्रकारात 15 ते 20. आमच्या खोक्यावर ओ द पार्फम छापलं होतं. मग पंधरा मिनिटांत सगळं उडण्याचं कारणच नाही.

तेव्हा पट्टीवर हुंगून पैसे देऊ नका. मनगटावर लावा, बाकीची खरेदी करून या, तासाभराने हुंगा. बाहेरून आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेली असायलाच हवी. आमच्या खोक्यावर किंमत होती, पण आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, नुसतं ‘मेड इन फ्रान्स’. खोक्यावरचा आणि बाटलीच्या बुडाचा बॅच कोड जुळवून पाहा. आमच्या दोन्ही बाटल्यांचे जुळले नाहीत. आणि बिल हातात पडल्याशिवाय स्टॉलवरून हलू नका. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, त्यांनी पहिल्यांदा बिल आणि विक्रेत्याचा पत्ता विचारला. माझ्याकडे फक्त पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट. तो घेऊन 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही कळवलं, पण तोवर आठवडा उलटला होता. तिथे तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नाही. प्रदर्शनवाल्यांनी हात वर केले : भाडं रोख घेतलं होतं, नाव-गाव लिहून घेतलेलं नाही.

भावाची बाटली खोक्यासकट, न वापरता, पुरावा म्हणून माझ्या कपाटात आहे. बाबांची मान आता बरी आहे. केमिस्टकडची छोटी यूडीकोलनची बाटली त्यांनी पुन्हा सुरू केलीय, मात्र अंगावर नाही, रुमालावर दोन थेंब.

परवा त्याच हॉलबाहेर नव्या प्रदर्शनाचा फलक दिसला. आत जाऊन सगळे स्टॉल फिरून आले, तो नव्हता. स्टॉलचं नाव तो बदलेल, नंबर तर बदललाच आहे. पण गोड आवाजात कुणी तुम्हाला ‘बाबा सकाळी किती वाजता उठतात?’ असं विचारलं, तर त्याचा फोटो काढा आणि आधी बिल मागा.