नोटपॅड प्लस प्लस: मराठी मजकुराच्या फाइली तपासायला
धंतोलीतल्या आमच्या ऑफिसातून नागपुरातल्या सावजी खानावळींना, फरसाणवाल्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर जातं. बिल मराठीत, त्यामुळे पदार्थांची नावंही सोर्स फाइलींतच. त्या तपासायला मी विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस हा टेक्स्ट एडिटर वापरते. फुकट आहे आणि जुन्या मशिनवरही झटकन उघडतं.

फाइल कोणत्या एन्कोडिंगने, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या कोणत्या पद्धतीने, वाचली जातेय, हे खाली उजवीकडे कायम दिसतं. ‘पोहे’ म्हणजे प, ओकार, ह, एकार अशी ४ चिन्हं; यूटीएफ-८ या युनिकोडच्या एन्कोडिंगमध्ये प्रत्येकाचे ३, एकूण १२ बाइट. तेच एएनएसआय (विंडोजचं जुनं एन्कोडिंग, ज्यात देवनागरी नाही) म्हणून वाचले की १२ भलतीच चिन्हं उमटतात आणि गिऱ्हाइकाचा फोन येतो, ‘ताई, बिलावर हे काय आलं हो?’ बहुतेकदा फाइल शाबूत असते, वाचणं चुकलेलं असतं. आधी तो कोपरा बघा, मगच सेव्ह करा.

एन्कोडिंगच्या मेनूचे गुण मात्र मी कापते. वरचे पर्याय फाइल फक्त वेगळ्या पद्धतीने वाचतात, खालचे ‘कन्व्हर्ट’वाले बाइटच बदलतात, आणि हे कुठे नीट सांगितलेलं नाही. देवनागरी फाइल ‘कन्व्हर्ट टू एएनएसआय’ करून सेव्ह केली, बंद केली, की उरतात नुसती प्रश्नचिन्हं. व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरमध्ये ‘रीओपन’ आणि ‘सेव्ह’ असे दोन वेगळे पर्याय समोर येतात. नवीन मुलांना मी तेच देते.

तरी नोटपॅड प्लस प्लस काढून टाकणार नाही, ते ‘तिसऱ्या’ या शब्दामुळे. घरपोच डब्यांच्या पत्त्यांत ‘तिसऱ्या मजल्यावर’ शोधलं की काही पत्ते निसटायचे. डोळ्यांना सगळे सारखेच. न दिसणारी चिन्हं दाखवायचा पर्याय चालू केला, तर काही शब्दांत ‘झेडडब्ल्यूजे’ची, म्हणजे अदृश्य जोडचिन्हाची, चौकट उभी! कुणी ऱ, हलन्त, य टाइप केलेलं. कुणी साधा र, हलन्त, मग हे जोडचिन्ह आणि य. छापून एकच दिसतं, शोधताना मात्र दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) यांना एक करत नाही. नुसतं जोडचिन्ह पुसाल तर य वर रफार चढेल, म्हणून र-हलन्त-जोडचिन्ह या तिकडीच्या जागी ऱ आणि हलन्त टाका.

पीएचपीच्या (वेबसाइटच्या कोडच्या) फाइली बीओएमशिवायच, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीच्या अदृश्य यूटीएफ-८ खुणेशिवायच, ठेवा, नाहीतर तिचे ३ बाइट ब्राउझरला जाणाऱ्या हेडरच्या आधी बाहेर पडतात. एक्सेलमध्ये उघडायची सीएसव्ही मात्र बीओएमसकट द्या. आणि छापखान्याने जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये पदार्थांची यादी पाठवली असेल, तर एन्कोडिंगचा मेनू उघडूच नका. तिथे फॉन्ट कन्व्हर्टरच लागतो.