रिसेट ६४ टक्क्यांवर अडकलाय: थांबायचं, बंद करायचं की पेनड्राइव्ह लावायचा?

रात्री नऊला विंडोजचा रिसेट लावला (म्हणजे विंडोज पुन्हा नव्याने बसवायला घेतलं), पहाटे उठून पाहिलं तर काळी स्क्रीन, मधे फिरणारे ठिपके आणि आकडा ६४ वरच. असा कॉम्प्युटर आमच्या खानापूरच्या (बेळगाव जिल्हा) डीटीपीच्या दुकानात आला की मी आधी तीनच गोष्टी विचारतो. आत फिरणारी जुनी हार्डडिस्क आहे की चिपवाली वेगवान एसएसडी? रिसेट लावताना ‘कीप माय फाइल्स’ निवडलं होतं की ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’? आणि आत असं काय आहे जे दुसरीकडे कुठेच नाही? पुढचा सगळा निर्णय या तीन उत्तरांवर आहे, स्क्रीनवरच्या आकड्यावर नाही.

थांबणं

टक्क्यांचा आकडा वेळ मोजत नाही. एखाद्या टप्प्यात हजारो छोट्या फाइली हलवायच्या असल्या की तो तासन् तास हलत नाही, आणि मग एकदम वीस-तीसने उडी मारतो. एसएसडीवर सगळं काम साधारण तासा-दीड तासात उरकतं. जुन्या हार्डडिस्कवर तीन-चार तास सहज जातात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’सोबत ड्राइव्ह पूर्ण साफ करायचा पर्याय चालू केला असेल तर आणखी वेळ धरा, कारण १ टीबीची धडधाकट हार्डडिस्क एकदा पूर्ण लिहून काढायलाच अडीच-तीन तास लागतात. म्हणून माझा हिशेब असा: एसएसडी असेल तर तीन तास, हार्डडिस्क असेल तर एक अख्खी रात्र.

पण नुसतं घड्याळ बघत बसू नका, मशीन ऐका. यळ्ळूरच्या एक ताई आपला डेस्कटॉप घेऊन आल्या होत्या. आमच्याकडे पुन्हा चालू केला तसा रिसेट पुढे सुरू झाला आणि ६६ वर थांबला. मी दुकानातला पंखा बंद केला आणि कॅबिनेटला कान लावला. आत बारीक, अखंड करकर चालू होती, समोरचा लाल दिवाही अनियमित लुकलुकत होता. म्हटलं, ताई, हात लावू नका, काम चालू आहे. अडीच तास आकडा ढिम्म राहिला, मग दहा मिनिटांत १०० झाला. त्याच आठवड्यात उचगावच्या एका पोराचा लॅपटॉप आला. त्यातून टिक… टिक… टिक असा ठरावीक अंतराने आवाज येत होता. ही डिस्क मरायला टेकल्याची खूण. इथे थांबणं म्हणजे उरलेला डेटाही घालवणं.

थांबायचं ठरवलंत तर लाईटची सोय आधी बघा. आमच्याकडे जून-जुलैच्या पावसात झाड पडलं की लाईट कधी येईल याचा भरवसा नसतो. लॅपटॉपला चार्जर लावून ठेवा, डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. प्रिंटर, डोंगल, जादा पेनड्राइव्ह काढून ठेवा.

बटण धरून बंद करणं

ठिपके गोठलेत, कॅप्स लॉकचा दिवा दाबून लागत नाही, डिस्कचा दिवा तासभर विझलेला आहे किंवा वरच्यासारखा टिकटिक आवाज आहे, तर बंद करायला घाबरू नका. पॉवर बटण दहा सेकंद धरा. पुन्हा चालू केल्यावर कधी मशीन स्वतःच बदल मागे घेऊन जुन्या विंडोजवर येतं. कधी लोगोवरच फिरत राहतं. तेव्हा लोगो दिसताच बंद, असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा मेनू येतो.

डेटाचं काय होतं, हे तुम्ही सुरुवातीला काय निवडलं त्यावर आहे. ‘कीप माय फाइल्स’ असेल तर फाइली बहुतेक वेळा जागेवर नाहीतर ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरमध्ये सापडतात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ असेल तर हार्डडिस्कवरून रिकव्हरी सॉफ्टवेअरने थोडंफार निघू शकतं, एसएसडीवरून जवळजवळ नाहीच. आणि साफ करायचा पर्याय चालू होता, तर जेवढं लिहून झालं तेवढं गेलं.

त्याच रिसेटला पुन्हा बसवणं

हे बहुतेकजण करतात आणि मला हेच सगळ्यात कमी पटतं. ‘लोकल रीइन्स्टॉल’ त्याच डिस्कवरच्या फाइली वापरतो. त्या खराब असतील तर तो पुन्हा तिथेच अडकणार. ‘क्लाउड डाउनलोड’ मायक्रोसॉफ्टकडून ताजी प्रत आणतो, त्यामुळे तो बरा, पण त्याला ४ जीबीच्या वर डेटा लागतो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ते होत नाही, आणि जांबोटी-कणकुंबीकडे रेंजचीच बोंब. डिस्कच खराब असेल तर दोन्ही फुकट. शिवाय ऑगस्ट २०२५ च्या सिक्युरिटी अपडेटनंतर विंडोज १० आणि विंडोज ११ च्या काही आवृत्त्यांवर रिसेटच फसत होता. मायक्रोसॉफ्टने १९ ऑगस्टला त्यासाठी वेगळी दुरुस्ती दिली. ते अपडेट घेऊन ही दुरुस्ती न घेतलेलं मशीन असेल तर दहा वेळा रिसेट लावून उपयोग नाही.

पेनड्राइव्हवरून नवीन विंडोज

निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (त्यावरचं सगळं पुसलं जातं), दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल (पेनड्राइव्हवर विंडोज उतरवणारं) चालवा आणि अडकलेलं मशीन त्या पेनड्राइव्हवरून सुरू (बूट) करा. जुन्या विंडोजवर काहीच अवलंबून राहत नाही, हा याचा मोठा फायदा. दुसरा फायदा बऱ्याच जणांना माहीत नसतो. इन्स्टॉलची पहिली स्क्रीन आली की शिफ्ट आणि एफ१० दाबा. काळी खिडकी उघडेल. त्यात ‘नोटपॅड’चं इंग्रजी स्पेलिंग टाइप करून एंटर मारा. नोटपॅडच्या फाइल मेनूतल्या ‘ओपन’मध्ये जा, खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा. आता तुमचे फोल्डर दिसतील. राइट क्लिक करून कॉपी करा आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवर पेस्ट करा. ड्राइव्हची अक्षरं इथे बदललेली असू शकतात, सी वर काही नसेल तर डी, ई बघा.

दोन अडचणी. बिटलॉकर (विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी की मागेल, ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते. आणि पार्टिशन (डिस्कचा भाग) निवडताना डिलीट-फॉरमॅट करू नका, तसंच पुढे गेलात तर जुनं सगळं ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्ये जातं. लायसन्सची काळजी नको. त्याच मशीनवर आधी डिजिटल लायसन्सने अॅक्टिव्हेट झालेलं विंडोज, तीच एडिशन घातली तर नेटला जोडल्यावर आपोआप अॅक्टिव्हेट होतं.

फाइल राहते, फॉन्ट जातो

आमच्या धंद्यातल्यांनी हे नीट वाचा. ‘कीप माय फाइल्स’मध्ये तुमचे डॉक्युमेंट आणि फोटो राहतात. बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअर जातात आणि विंडोजच्या फोल्डरमधले फॉन्टही जातात. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड अशी लग्नपत्रिका आम्ही श्रीलिपी आणि नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) यांच्या जुन्या फॉन्टात केलेली असते. रिसेटनंतर फाइल उघडते, पण नवऱ्यामुलाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल शाबूत असते, फॉन्ट परत टाकले की नाव परत येतं. म्हणून फॉन्टचं फोल्डर आधीच बाजूला काढून ठेवा.

दुकानात देणं

टिकटिक आवाज असेल, तर मशीन बंद करा आणि घरी बाकी काहीच करू नका. पण देताना ‘आधी डेटा काढा, मग विंडोज टाका’ हे कागदावर लिहून सही घ्या. बेळगावातल्या एका दुकानात मी माझंच मशीन विश्वासाने दिलं होतं. त्यांनी न विचारता फॉरमॅट मारला. दोन वर्षांच्या पत्रिका आणि गिऱ्हाइकांचे पत्ते गेले, आणि ते मला अजून सलतं.

माझं मत विचाराल तर, जुनी हार्डडिस्क असलेल्या मशीनला एक छोटी एसएसडी घ्या, पेनड्राइव्हवरून तिच्यावर विंडोज टाका आणि जुनी डिस्क हात न लावता बाजूला ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे मशीन ११ ला चालणारं असेल तर थेट ११ च टाका.

उचगावच्या पोराचं तसंच केलं. जुनी डिस्क यूएसबी केबलने जोडली आणि त्याला विचारून आधी लहान फाइली उचलल्या: एसएसएलसीचं (दहावीचं) मार्क्स कार्ड, जातीचा दाखला, शेताचे आरटीसी उतारे (कर्नाटकातला सातबारा). मग फोटोंना हात घातला. घरच्या गणपतीच्या फोटोंचं फोल्डर अर्ध्यावर असताना डिस्क थांबली, ती परत फिरली नाही. कागद सगळे निघाले होते.