साथीच्या दिवसांत भाजी कोणती घ्यावी: डबाबंद, गोठवलेली, लोणच्यातली की ताजी?

मे २०११ मध्ये उत्तर जर्मनीत ई. कोलाय जीवाणूच्या एका घातक प्रकाराची साथ पसरली, तेव्हा कच्चे टोमॅटो, काकड्या आणि सॅलडची पाने टाळावीत असा सल्ला तिथल्या आरोग्य यंत्रणेने दिला. संशय आधी स्पेनच्या काकड्यांवर गेला आणि खरे कारण, म्हणजे मोड आलेली मेथी, जूनमध्ये हाती लागले. साथ ओसरेपर्यंत सुमारे ३,८०० जण आजारी पडले होते आणि ५० हून अधिक जण दगावले होते. नेमकी कोणती भाजी दूषित आहे हेच ठाऊक नसलेल्या अशा आठवड्यांत टिकवलेल्या भाजीकडे वळणे स्वाभाविक आहे. पण भाजी टिकवणे आणि तिच्यातले रोगजंतू मारणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि निवड करताना दुसरी क्रिया झाली आहे का, एवढेच पाहावे.

या कसोटीवर कारखान्यातली डबाबंद भाजी सर्वांत पुढे आहे. मका, वाटाणा, फरसबी यांसारख्या कमी आंबट भाज्या डबा सीलबंद केल्यावर साधारण १२१ अंश सेल्सियसपर्यंत तापवल्या जातात, कारण बोटुलिझम ही जीवघेणी अन्नविषबाधा घडवणाऱ्या जीवाणूचे बीजाणू १०० अंशांना उकळूनही तग धरू शकतात. त्या उष्णतेत ई. कोलाय किंवा साल्मोनेला या जीवाणूंचा निभाव लागत नाही. फुगलेला, गळका किंवा शिवणीवर चेपलेला डबा मात्र चव न पाहताच टाकून द्यावा. घरी बरणीत भाजी भरून नुसत्या उकळत्या पाण्यात ती बंद करणे हा याचा पर्याय नव्हे. त्या बरणीत बोटुलिझमचा धोका खरा आहे.

गोठवलेल्या भाजीबद्दल आपला विश्वास मला अवाजवी वाटतो. गोठवल्याने जंतूंची वाढ थांबते, पण ते सगळे मरत नाहीत. कारखान्यात भाजीला आधी उकळत्या पाण्याची वाफ किंवा चटका दिलेला असला, तरी त्यानंतर यंत्रांवरून लिस्टेरिया हा रोगकारक जीवाणू पुन्हा लागू शकतो. हंगेरीत गोठवलेल्या मक्याशी जोडली गेलेली लिस्टेरियाची साथ २०१५ पासून युरोपातल्या पाच देशांत रेंगाळली आणि जून २०१८ पर्यंत नोंदल्या गेलेल्या ४७ रुग्णांपैकी ९ जण दगावले होते. गोठवलेले दाणे नुसते वितळवून कोशिंबिरीत घालण्याची सवय म्हणूनच सोडावी, विशेषतः घरात गरोदर स्त्री किंवा वृद्ध असतील तर. तेच दाणे नीट शिजवले तर हरकत नाही.

लोणच्याच्या बाबतीत सरसकट उत्तर देता येत नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये जपानच्या होक्काइदो बेटावर चिनी कोबीच्या ‘आसाझुके’ या अल्पकाळ मुरवलेल्या लोणच्यातून ई. कोलायचा ओ-१५७ हा घातक प्रकार पसरला. १६९ जण आजारी पडले आणि ८ जणांचा मृत्यू झाला. आपल्याकडे हिवाळ्यात गाजर, फ्लॉवर आणि मटार यांना मोहरी, मीठ व लिंबू लावून जे ताजे लोणचे करतात, ते याच जातीचे आहे, म्हणजे चव लोणच्याची आणि भाजी कच्चीच. ते फ्रीजमध्ये ठेवल्याने निर्धोक होत नाही, कारण थंडीत आम्लाचा जंतूंवरचा परिणाम उलट मंदावतो. कित्येक महिने मुरलेले, भरपूर मिठाचे कैरीचे किंवा लिंबाचे लोणचे यापेक्षा खूपच भरवशाचे आहे.

सुकवलेल्या मालाला मी सर्वांत कमी गुण देईन. जर्मनीतल्या साथीचा माग इजिप्तहून २००९ मध्ये निघालेल्या मेथीदाण्यांपर्यंत गेला. दाण्यांवर तो जीवाणू प्रत्यक्ष सापडला नाही, परंतु तपासाचा निष्कर्ष पाहता कोरड्या दाण्यांवर त्याने वर्षाहून अधिक काळ तग धरला असला पाहिजे. म्हणून सुकी मेथी वरून भुरभुरण्यापेक्षा भाजी शिजत असतानाच घालावी.

राहिली ताजी भाजी. आतपर्यंत किमान ७० अंश उष्णता दोन मिनिटे मिळेल अशी ती शिजवली, तर साथीतही ती गोठवलेल्या पण न शिजवलेल्या भाजीपेक्षा सुरक्षित असते. नुसती धुऊन मात्र ती तशी होत नाही. त्यामुळे मोडांची उसळ चालेल, कच्चे मोड नकोत, आणि कच्ची भाजी चिरलेली विळी व पाट साबणाने धुतल्याशिवाय त्यावर शिजलेले काही ठेवू नये.